वरचा पाईप खालच्यात

आप्पा, मागच्या महिन्यात मी धुराडं बसवलं. हसू नका. बत्तीस वर्षं या दुबईत मी लोकांची घरं गार करून पोट भरलं, पत्र्याचे डक्ट वळवून छतात चढवले, बाहेर ऊन पन्नाशीला टेकलेलं असताना आत माणसांना पांघरुणं घ्यायला लावली, आणि आता साठी जवळ आल्यावर चक्क शेगडी बसवून आलो. तीही भुशाची. तुमची सून म्हणाली, "म्हातारचळ लागलाय तुम्हाला." तुमची नात म्हणाली, "बाबा, धिस इज सो रँडम." पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही चैन पडेना, म्हणून कोटेशनच्या पॅडवर लिहायला बसलोय. आज रविवार आहे, जेवणं झालीत, दोघी आत आडव्या झाल्यात. करामा भागातलं घर तेच, तुम्ही आला होतात तेच.

झालं असं, की माझा एक जुना अरबाब आहे. इकडे मालकाला अरबाब म्हणतात. त्याच्या शारजाच्या बंगल्याचं एसीचं काम मी वीस वर्षं बघतो, माणूस सोन्यासारखा. त्याचा फोन आला, "हबीबी, गरम करने का काम करता है क्या?" मला वाटलं चेष्टा करतोय. पण आवाज चेष्टेचा नव्हता. त्याची आई रास अल खैमाच्या डोंगरात, वर एकटी राहते. हाताशी एक इथिओपियन बाई आणि चाळीसेक शेळ्या. तुम्हाला वाटेल वाळवंटात कसली थंडी, पण त्या डोंगरावर जानेवारीत हात बाहेर काढवत नाही. म्हातारी खोलीत कोळशाची शेगडी घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपायची. एका सकाळी हाक मारली तर तिला कुणाची ओळख पटेना. बंद खोलीत कोळशाचा विषारी धूर चढला होता. चार दिवस दवाखान्यात होती, वाचली. लेकानं तीन विजेचे हीटर आणून दिले, तर तिनं त्यांच्यावर ओले कपडे वाळत घातले आणि मागच्या दारानं पुन्हा कोळसा आणवला. आता अरबाबचं म्हणणं असं, की पंधरा दिवसांत खोली गरम झाली आणि अम्मानं कोळसा सोडला तर ठीक, नाहीतर खलास, घराला कुलूप लावायचं आणि तिला खाली शारजाला न्यायचं.

मी आणि लेक बघायला गेलो. लेक आता मेकॅनिकल इंजिनीअर आहे, माझ्याच कंपनीत बसते, मला ईमेल लिहून देते आणि माझं इंग्रजी सुधारते. म्हातारी दारातच बसली होती, काळा बुरखा, डोळ्यांत मोतीबिंदू, पण नजर कशी, तर बोहारणीनं साडी पारखावी तशी. या जुन्या लोकांना हिंदी येतं, मुंबईशी व्यापार होता ना त्यांचा. मला म्हणाली, "तुम तो ठंडा वाला. गरम का तुमको क्या मालूम?" मी म्हटलं, "अम्मा, मैं ठंडा वाला, मगर मेरा बाप गरम वाला था." तोंडातून कसं निघून गेलं कोण जाणे. तिनं विचारलं, "किधर है बाप?" "गया. बीस साल के ऊपर हो गया." तिनं हात वर करून काहीतरी पुटपुटलं, तुमच्यासाठीच असणार. मग म्हणाली, "इधर मेरा आदमी मरा. इधर मेरा बकरी. नीचे क्या है? नीचे एसी है." एसी हा शब्द तिनं असा काही उच्चारला, की माझी मान आपोआप खाली गेली. परत निघताना माझं ठरलं होतं, ही बाई इथून हलता कामा नये.

मग दुबईत एका शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला विक्रेता, काचेमागे दहा-बारा शेगड्या मांडलेल्या, एकीलाही धुराचा वास नाही. त्यानं एक लहानशी दाखवली, गुडघ्यापेक्षा जरा उंच, पुढे काच, म्हणाला ही पेलेटवर चालते. वरच्या टाकीत पेलेट ओतायचे, आतला स्क्रू एकेक करून ते खाली ढकलतो, पंखा हवा देतो, काचेतून ज्वाळा दिसते, धूर पाईपानं बाहेर. वीज लागते ती बल्बाएवढी. ज्वाळा दिसते म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले, कारण म्हातारीला नेमकं तेच हवं होतं, डोळ्यांना दिसणारा विस्तव. किंमत ऐकून मी सवयीनं मोठ्यांदा गुणाकार केला, "साडेसात हजार दिऱ्हम, म्हणजे पावणेदोन लाख!" लेक कानात म्हणाली, "बाबा, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग." मग त्यानं माझ्या तळहातावर ते पेलेट ठेवले. बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी कांड्या. मी एक नखानं फोडली, आणि आप्पा, आत भुसा. वखारीतला भुसा, दाबून घट्ट केलेला. मी तो नाकाशी नेला आणि त्या गारठलेल्या शोरूममध्ये मला मंडईमागचं आपलं दुकान दिसायला लागलं.

तेलाचा रिकामा डबा घेऊन तुम्ही खाली भोक पाडताय. मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ओतायचा आणि मुठीनं ठासायचा. गिऱ्हाईक बायकांना तुम्ही प्रत्येक वेळी स्वतः करून दाखवायचात, "फार सैल नको, कोसळेल. फार दाबू नको बाई, गुदमरेल. जावयाला आग्रह करतेस ना, तेवढंच." बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर ओढायची, मधे नळी राहिली की शेगडी झाली. आईनं त्यावर आयुष्यभर रांधलं. माझ्या शाळेच्या सदऱ्याला भुशाचा धूर यायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाईतून पळून जाऊन असं काहीतरी काम करावं, ज्याला वासच नसेल, हे मी तेव्हाच मनात घेतलं होतं. गार हवेला वास नसतो. मी त्या सूटवाल्याला म्हटलं, "पॅक इट," आणि वर दहा पोती कांड्याही घेतल्या.

पोती वर नेऊन उतरवली तर म्हातारीनं मूठभर कांड्या उचलल्या, हुंगल्या आणि म्हणाली, "ये तो बकरी का खाना!" खरंच, इकडचं शेळ्यांचं खाद्य डिट्टो असंच दिसतं. इथिओपियन बाईनं तर एका शेळीसमोर चार कांड्या टाकूनही बघितल्या. शेळीनं तोंड फिरवलं, तेव्हा कुठे सगळ्यांची खात्री पटली.

आता ऐका, माझी अक्कल कुठे शेण खायला गेली ते. शेगडीच्या मागून पाईप निघतो, तो खोलीत सहा फूट उभा वर चढवायचा आणि मग भिंतीतून बाहेर. चार तुकडे, एक दुसऱ्यात बसवायचा. मी बत्तीस वर्षांच्या सवयीनं बसवले. डक्टमध्ये नियम एकच, हवा ज्या दिशेला जाते त्या दिशेला पुढचा तुकडा मोठा, मागच्याचं तोंड त्याच्या आत. वाऱ्याला कुठे कड आडवी येता कामा नये. धूर वर जाणार, म्हणून खालचा पाईप वरच्याच्या आत. तुकडे उलटे झाले म्हणून शेगडीपाशी जुळेना, तर मी माझ्या हातानं पत्र्याचा कॉलर वळवला, वर स्वतःचीच पाठ थोपटली. लेक माहितीपुस्तक उघडून उभी होती. म्हणाली, "बाबा, ड्रॉइंगमध्ये उलटं दाखवलंय. दे आर शोइंग द सॉकेट अप." मी काय म्हणालो ठाऊक आहे? "मला शिकवतेस पत्र्याचं काम? जन्म गेला माझा." तिनं पुस्तक मिटलं. शेगडी पेटली, काचेत ज्वाळा नाचली, म्हातारी समोर येऊन बसली, आणि मी छाती फुगवून डोंगर उतरलो.

पाचव्या दिवशी अरबाबचा फोन. गेलो. म्हातारीनं माझ्यासाठी नवीन चुना लावून घेतलेली भिंत, तिच्यावर पाईपाच्या प्रत्येक सांध्यापासून खाली ओघळ. तपकिरी, चिकट, तंबाखूच्या पिचकाऱ्यांसारखे. खोलीत कुबट धुरकट वास, म्हातारी खोकतेय. मी भिंतीवर लावलेला विषारी वायूचा अलार्म गप्प होता, देवाची कृपा, पण अरबाब आता कशालाच तयार नव्हता. "नहीं हबीबी. तुमने कोशिश किया. मगर मैं माँ को दूसरी बार हॉस्पिटल नहीं ले जाएगा. कल नीचे लेकर जाता है." म्हातारी उठून बाहेर शेळ्यांकडे गेली, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघत उभा राहिलो. आणि त्या डागांकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, ते डाग मी आधी पाहिले होते.

पाचगणीचा तो बंगला आठवतो का तुम्हाला? तुम्ही बंबाचं धुराडं बसवायला घेतलं होतं, मी नुकताच आयटीआय पास होऊन आलेलो, डोक्यात हवा. तुम्ही वरचा पाईप खालच्यात घालायला गेलात आणि मी बाईसाहेबांच्या देखत म्हटलं, "आप्पा, चुकतंय. धूर वर जातो, मग खालचा वरच्यात पाहिजे. आम्हाला आकृती काढून शिकवलंय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, लाकडी मोगरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बसव." बस्स, तेवढंच. आठ दिवसांनी बाईसाहेबांचा निरोप आला. तुम्ही चुन्याची बादली आणि ब्रश माझ्या हातात दिलात, आणि वाटभर एक शब्द नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर काळे ओघळ. मी डाग खरवडत होतो, तुम्ही पाईप उतरवून पुन्हा बसवत होता. बाईसाहेबांना म्हणालात, "माझी चूक झाली." माझं नाव घेतलं नाहीत. मग मला म्हणालात, "धूर वर जातो ते सगळ्यांनाच दिसतं रे. मागाहून त्याचं पाणी होऊन खाली येतं, ते बघायचं. वरच्यानं खालच्याच्या पोटात जायचं, मग गळलं तरी घरातल्या घरात राहतं." मला तेव्हा राग आला होता. चार थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं, असं वाटलं होतं. महिन्याभरात मी मुंबई गाठली आणि तिथून इकडे.

मी अरबाबचे हात धरले. म्हटलं, एक दिवस द्या, यह मेरा गलती है, मशीन का नहीं. मेरे बाप ने सिखाया था, मैं भूल गया. तो माझ्याकडे बघत राहिला. इकडे लोक काही असलं तरी बापाचं नाव काढलं की थांबतात. "एक दिन," तो म्हणाला, "इन्शाल्ला." मग लेकीकडे वळलो. तिला सॉरी म्हणायला मला पाईप उतरवण्यापेक्षा जास्त ताकद लागली. म्हटलं, "तुझं बरोबर होतं गं. आणि आप्पांचं पण." ती एवढंच म्हणाली, "इट्स ओके बाबा. यल्ला, लेट्स डू इट." माझा दिमाखाचा कॉलर काढून फेकला. चारही तुकडे उलटे फिरवले, वरचा खालच्यात, वरचा खालच्यात. प्रत्येक सांध्याला उष्णता सोसणारं सील लावलं. मग मी चुना कालवला आणि भिंत स्वतः रंगवली. लेक म्हणाली त्यासाठी माणूस बोलवू या, मी म्हटलं नाही, हे काम ज्याचं त्यानंच करायचं असतं.

संध्याकाळच्या नमाजानंतर शेगडी लावली. म्हातारी लांबच बसली, माझ्यावर आता तिचा भरवसा नव्हता, आणि का असावा? मग हळूहळू पुढे सरकली. काचेसमोर तळवे धरले. आत कांड्या एकेक करून पडत होत्या, टक, टक, आणि भुशाचा जाळ कसा असतो तुम्हाला माहीत आहे, पिवळा, मऊ. शेवटी म्हणाली, "हाँ. ये आग है." आणि बाईला सांगून कोळशाचं पोतं उचलून माझ्या पिकअपमध्ये टाकायला लावलं. माझे डोळे भरून आले होते, उगाच पान्हे मोजत बसलो. दोन आठवडे झाले त्याला. परवा जाऊन भिंतीवरून हात फिरवून आलो, कोरडी ठणठणीत. अरबाबनं घराला कुलूप नाही, नवीन दार लावलंय. म्हातारीनं मला शेळीचं तूप दिलं आणि म्हणाली, "तुम्हारा बाप अच्छा आदमी."

इथंच थांबायला हवं होतं. पण परवा उतरताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, आजोबा आपल्याकडे आले होते ना? आय रिमेंबर हिज फीट." मी म्हटलं, तू चार वर्षांची होतीस, तुला काय आठवणार. ती म्हणाली, "मी त्यांच्याजवळ झोपायचे. हिज फीट वर आइस कोल्ड. ही यूज्ड टू से, माझे पाय पकड." मी समोर बघत गाडी चालवत राहिलो. रस्ता वळणांचा होता, ते निमित्त पुरलं.

आई गेल्यावर मी तुम्हाला तीन महिन्यांचा व्हिसा काढून आणलं. बाहेर जूनचं ऊन, आणि घरात मी सगळं थंडगार करून ठेवलेलं. तुम्ही पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून छतातल्या जाळीतून हात घातलात, डक्टच्या सांध्यावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "काम स्वच्छ आहे." आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकच शाबासकी. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वेटर घातलात. मग कानटोपी. हॉलमध्ये झोपायचात, माझी जाड रजई घेऊन, आणि सकाळी उठून पॅसेजमधल्या कॅलेंडरसमोर उभे राहून तिथी बघायचात, हात काखेत घालून. एक दिवस चहा पिताना हळूच विचारलंत, "हे जरा कमी नाही का रे होत? रात्रीपुरतं?" मी साइटवरून भाजून आलेलो. आणि खरं सांगू, मला ते लागलं. वाटलं, एवढं कमावून दाखवतोय तर यांना त्यातही खोट दिसते. मी म्हटलं, "बिल्डिंगचं आहे आप्पा सगळं, एकत्र. आपल्या हातात नसतं." तुम्ही म्हणालात, "बरं, असू दे," आणि रजई खांद्यावर घेतलीत. पाच आठवड्यांत तुम्ही परत गेलात, म्हणालात दुकान बंद आहे, गिऱ्हाईक तुटेल. वर्षाच्या आत निरोप आला. तेव्हाच्या कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट मिळून तिकीट हाती यायला दोन दिवस गेले, पोचलो तो राख सावडायला. उभ्या गावाच्या गळक्या भांड्यांना तुम्ही डाग दिलात, आणि तुम्हाला डाग दिला तो चुलतभावानं. हे मी सगळ्यांजवळ बोललोय, रडलोय, सगळ्यांनी माझी समजूतही काढलीय. पण तेव्हाही मी दुसरंच काहीतरी लपवत होतो.

हे कागद पाठवायचे तरी कुठे? त्या शेगडीत घालावेत म्हटलं तर ती कागद खात नाही, फक्त कांड्या, पुस्तकात लाल अक्षरांत लिहिलंय. राहतील पॅडमध्येच. आत्ता उठून पॅसेजमध्ये जाऊन आलो. दर वर्षी नवं कॅलेंडर येतं, आम्ही त्याच खिळ्याला लावतो. मी ते उचलून बघितलं. तुम्ही रोज सकाळी जिथे उभे राहून तिथी बघायचात ना आप्पा, बरोबर त्या कॅलेंडरच्या मागे आपल्या घराच्या एसीचं बटण आहे. तेव्हाही होतं. बंद होत होतं.